सर्वांत खालच्या थराचा तुकडा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'बर्फवाले काका' म्हणत आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. समुद्राच्या तळातून काढलेला, पोटात गॅस कोंडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत टाक्यांमध्ये सांभाळायचा, हे त्यांचं काम. उद्या म्हणे त्यातून इंधन निघेल. एकवीस वर्षांत काकांनी एकही तुकडा वितळू दिला नाही. हातमोजे नसतील तर संचालकांनाही टाकीजवळ फिरकू देत नसत.

अशा माणसाला अवदसा आठवली ती पाहुण्यांच्या दिवशी. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना काडी लावून बर्फ पेटवून दाखवतात. त्यासाठी प्रयोगशाळेतच बनवलेले तुकडे वेगळे ठेवलेले असतात. ते संपले आणि मग उगवला काकांचा मेहुणा.

"दाजी, एवढी वर्षं बर्फच राखायचा होता तर मासळीबाजारात राखायचा! निदान ताईला ताजे मासे तरी मिळाले असते."

बायकोसकट सगळे खो खो हसले. झालं, काकांचं डोकं फिरलं. आतल्या टाकीत नोंदीनुसार समुद्रतळाच्या सर्वांत खालच्या थराचे तीन तुकडे होते. एक गेला तर कोणाला कळतंय! त्यांनी न बघता हाताला लागली ती तुकड्याची नळी उघडली, काडी ओढली, बर्फ भडकला. मेहुण्याने आ वासला, टाळ्या पडल्या.

सोमवारी कळलं, की दोन तुकडे आधीच तपासणीत संपले होते. उरला होता तो एकच. तो आणणारी संशोधक त्यांच्या मुलीच्या वयाची. बिचारी सहा आठवडे जहाजावर उलट्या काढत होती, तेव्हा कुठे तो हाती लागला होता. चौकशीच्या बैठकीत तीच उभी राहिली. "नळीचं झाकण माझ्याकडूनच सैल राहिलं असणार. काकांच्या हातून असं होणं शक्य नाही."

आणि हे महाशय शेजारी तोंडात मिठाची गुळणी धरून! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात घरी मेहुण्याचा फोन, "दाजी, मानलं तुम्हाला!"

पाचव्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "मॅडम, तो मीच पेटवला. मेहुण्यापुढे मिरवायला."

ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही पुढे ओढली.

"ज्योत कशी होती, काका? निळी की पिवळी? किती वेळ जळला? मागे पाणी किती उरलं? आठवेल ते सगळं सांगा. आता तेवढंच हाती आहे."

काकांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. टाळ्या आठवल्या. मेहुण्याचा उघडा जबडा अगदी दाढांसकट आठवला.

"मी बर्फाकडे पाहिलंच नाही हो," ते म्हणाले.