बॉयलरवाला गंगुलु

गंगुलुवर माझा पहिल्यापासून संशय. उगाच नाही म्हणत. मलकापुरमला नूकरत्नमच्या बज्जीच्या, म्हणजे भज्यांच्या, गाडीपाशी आम्ही म्हातारे दर रविवारी सकाळी जमतो, सगळे नौदलाच्या एकाच डिस्ट्रॉयरवर नोकरी काढलेले. मी आणि अप्पलनायडू तोफेवरचे. गंगुलु खाली बॉयलर रूममधला. जहाजावरही वरचे आणि खालचे फारसे मिसळत नसत. बायको वारल्यावर तो मागच्या संक्रांतीला इथे लेकीकडे राहायला आला आणि आमच्यात येऊन बसायला लागला.

बसतो म्हणजे नुसता बसतो. पुढे वाकून, आमच्या तोंडाकडे टक लावून. सगळे हसले की हसतो, पण जरा उशिराच. काही विचारलं तर "हो, हो". वादळाची गोष्ट काढा, बंदरातली मारामारी काढा, हा बाबा स्वतःची एक आठवण सांगेल तर शपथ! आपलं काही सांगायचं नाही आणि दुसऱ्याचं सगळं ऐकून घ्यायचं, असल्या माणसाला काय म्हणतात?

त्यात आमच्या गप्पा घरी पोचायला लागल्या. कोलंबोला मी दारू पिऊन एका बाईच्या दारात गाणी म्हणत बसलो होतो, हे माझ्या बायकोला, वरहालम्माला कळलं. इतकी वर्षं लपवलेलं! घरात भांडी आपटायला लागली. अप्पलनायडू नौदलाच्या कॅन्टीनमधली स्वस्त दारूची बाटली बाहेर विकतो, हे त्याच्या सुनेला कळलं. चोर कोण हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? गंगुलुला आमच्यातून उठवायचाच, असं ठरवून मी त्या रविवारी गेलो.

"सन्यासीराव, तूच बोल हं," अप्पलनायडू म्हणाला. हा कायमचा भित्रा.

नेमका त्याच दिवशी भीमिलीहून मुसलय्या आला, तोही जुना बॉयलरवाला. तो टेकतोय न टेकतोय तोच मी सुरू केलं. "गंगुलु, पुढच्या रविवारपासून इथे यायचं नाही. आमच्यात बसतोस आणि आमच्याच बायकांना चुगल्या सांगतोस? लाज नाही वाटत?"

गंगुलु हसला. "हो, हो," म्हणाला.

"बघा! वर हसतोय!"

"थांब जरा," म्हणत मुसलय्या त्याच्यासमोर जाऊन बसला. मूठ फिरवली, दोन बोटं छातीवर आपटली. गंगुलुचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्याचेही हात भराभरा चालायला लागले. खाली आवाज इतका असायचा की कानात ओरडलं तरी कळायचं नाही, म्हणून ते लोक हातांनी बोलायचे. आम्ही वरून बघून हसायचो.

"अरे, हा ठार बहिरा आहे," मुसलय्या म्हणाला. "तुमचं एक अक्षर कळलेलं नाही याला."

"मग चुगल्या काय भुतानं केल्या?"

नूकरत्नम झारा घेऊन पुढे आली. "काका, तोफांनी तुमचेही कान गेलेत! गुपित सांगता ते पार समोरच्या रेशन दुकानाच्या रांगेत ऐकू येतं. वरहालम्मा काकू रांगेतच उभ्या होत्या."

अप्पलनायडू खो खो हसला. माझं तोंड उतरलं, पण संशय काही सुटेना. ऐकूच येत नाही तर हा येतो कशाला?

मुसलय्यानं हातांनी विचारलं. गंगुलुनं बराच वेळ उत्तर दिलं. मुसलय्याचा आवाज खाली आला.

"पायडिराजू याचा जोडीदार होता. वाफेची नळी फुटली तेव्हा याच्या डोळ्यांदेखत भाजून मेला. जहाजावरचे सगळे इथे जमतात, म्हणजे त्याची आठवण निघत असणार, म्हणून येतो म्हणतो. बहिरा आहे कळलं तर तुम्ही बसू देणार नाही, ही भीती. विचारतोय, पायडिराजूचं नाव निघतं ना?"

मी अप्पलनायडूकडे पाहिलं. तो बज्जीकडे बघत होता. खाली कोणीतरी भाजून गेला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. नाव आज पहिल्यांदा कानावर पडलं.

"निघतं ना," मी म्हणालो. "दर रविवारी निघतं. सांग त्याला."

मुसलय्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याला माझं खोटं कळलं असावं. तरी त्यानं हात हलवले.

गंगुलुनं डोळे पुसले. मग स्टूल उचलून अगदी माझ्यासमोर आणून ठेवलं.

"सांग की मग," तो म्हणाला. "काय काय बोलता त्याच्याबद्दल? मुसलय्या हातांनी सांगेल मला."