पेंग्विनांचं वऱ्हाड

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी फुकट माहितीपट दाखवतात, आणि पहिल्या रांगेतली पंख्याखालची खुर्ची आबांची असते. आबांना इंग्रजी येत नाही, पण याची त्यांना कधी अडचण वाटलेली नाही. निवेदकाने तोंड उघडलं की आबा मागे वळून आम्हाला अहिराणीत सगळं समजावून देतात.

परवा बर्फावरून पेंग्विनांची रांग निघाली. आबा म्हणाले, "बठ्ठा वऱ्हाडी शेतस. नवरदेव मांगे राह्यना."

खरोखरच सगळं वऱ्हाड पुढे गेलं होतं आणि एक मागे राहिला होता. आम्ही पोट धरून हसलो.

ग्रंथपालबाई शिस्तीच्या. त्यांनी दिवा लावून शुद्ध मराठीत बजावलं, "आबा, आता एक शब्द जरी बोललात, तर पुढच्या शनिवारपासून येऊ नका."

आबांनी तोंडावर रुमाल धरला. पुढे वादळात एक पिल्लू आईपासून चुकलं. निवेदक इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिला आणि आम्हाला ओ की ठो कळेना. आबांचे खांदे नुसते हलत होते. गोष्ट अगदी ओठांवर आलेली, पण खुर्ची जाईल म्हणून बिचारे गप्प.

तेवढ्यात अंधारातून हळूच आवाज आला, "आबा, त्यानी माय सापडनी का हो?"

आवाज ग्रंथपालबाईंचा होता. त्यांच्या तोंडून अहिराणी आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आबांनी रुमालाची शांतपणे घडी घातली.

"येई, बेटी, येई. वऱ्हाडमा जेवाले बठेल शे ती."