सीलबंद पेटीतलं व्हायोलिन

एकाहत्तरच्या पावसाळ्यात मी पुण्याच्या कॅम्पात होतो, आमच्या मिलिटरी बँडच्या स्टोअरचा हवालदार म्हणून. पोस्टिंग पीसचं, म्हणजे सीमेपासून लांब, शांततेच्या ठिकाणचं. पाचला उठणं, साडेसहाला परेड, नऊला नाश्ता, मग दुपारपर्यंत सराव. लोकांना वाटतं, बँडवाले म्हणजे सैन्यातले पाहुणे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला अजूनही विचारतात, "म्हणजे तुम्ही वरातीत वाजवतात तसं वाजवायचात का हो?" मी हो म्हणतो. सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनर माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

वस्तुस्थिती अशी आहे. बँडचा जवान शांततेत वाजवतो आणि लढाईत स्ट्रेचर उचलतो. गोळीबारातून जखमी मागे आणायचे, हे त्याचं काम. शिवाय शांततेतही प्रत्येकाकडे दोन वाद्यं असत. परेडला फुंकायचं आणि ऑफिसर्स मेसच्या जेवणाला तारांचं. नाईक बशीर सकाळी क्लॅरिनेट वाजवायचा, संध्याकाळी व्हायोलिन. क्लॅरिनेट सरकारी. व्हायोलिन त्याचं स्वतःचं, वडिलांनी हातानं केलेलं.

बशीर गंज पेठेतला. त्याचे वडील तारांची वाद्यं करत आणि दुरुस्त करत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा कॅम्पातल्या एका बंगल्यात मोडका पियानो टाकून गेले होते. चाचांनी त्याच्या पोटातली फळी काढून आणली, दहा वर्षं माळ्यावर ठेवली आणि मग तिचं हे व्हायोलिन केलं. दुपारच्या जेवणानंतर सगळी बरॅक पेंगत असायची. बशीर खिडकीत बसून सावकाश गज ओढायचा. बाहेर वडाची सावली हलायची, लांब कुठेतरी ट्रकचं इंजिन चालू असायचं, आणि तो सूर झोपेत मिसळून जायचा. त्या सुरात मला कायम पाऊस पडून गेलेल्या एखाद्या परक्या गावाची वाट दिसायची. मी तिथे कधी गेलो नव्हतो.

दिवाळी झाली आणि मूव्ह ऑर्डर आली. बँड पश्चिम सीमेवर जाणार होता, स्ट्रेचर घेऊन. मी नाही. ऑगस्टमध्ये ओल्या परेड ग्राउंडवर पाय घसरून माझ्या घोट्याचं हाड मोडलं होतं. मला रिअर पार्टीत ठेवलं, म्हणजे मागे राहून कुलपं सांभाळायची. मला लाज वाटली. आजही वाटते.

निघायच्या दिवशी दुपारी चार वाजता बशीर व्हायोलिनची पेटी घेऊन स्टोअरमध्ये आला.

"उस्ताद, तारा अर्ध्या उतरवल्यात. चढवू नका."

"बरं."

"आत हे खापर आहे. दर शुक्रवारी पाण्यात बुडवा, फडक्यात गुंडाळा, परत ठेवा."

"रजिस्टरला काय लिहू?"

"काही लिहू नका. नाहीतर पुढच्या वर्षी खापराचंही इन्स्पेक्शन होईल."

त्यानं गमतीनं सॅल्यूट ठोकला आणि गेला. तीच आमची शेवटची भेट.

खापराचं कारण सांगतो. कापलं, रंधलं, रोगण लावलं, तरी लाकूड पाणी पिणं सोडत नाही. पावसाळ्यात फुगतं, तारांच्या खुंट्या फिरत नाहीत. आपला हिवाळा कोरडा. पहाटे दातावर दात, दुपारी शर्टाची बटणं उघडी, आणि हवेत ओल म्हणून नाही. अशा हवेत लाकूड आतलं पाणी सोडतं आणि आकसतं. वरून तारांचा ताण असतोच. मग ते कुठेतरी फुटतं. माझ्या टाचांना भेगा पडल्या की त्याच आठवड्यात स्टोअरमधल्या एखाद्या वाद्यालाही भेग दिसायची. म्हणून थंडीत तारा सैल ठेवायच्या आणि पेटीत थोडी ओल. चाचांचं ते ओलं खापर म्हणजे वाद्याच्या उशाशी ठेवलेला तांब्या.

मी दर शुक्रवारी खापर भिजवत होतो. पेटी उघडली की ओल्या मातीचा वास यायचा आणि स्टोअरमध्ये क्षणभर जून महिना व्हायचा.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. लाईन खराब होती.

"रिअर पार्टी?"

"रिअर पार्टी. हवालदार बोलतोय."

"लिहून घे. नाईक बशीर, बँड. किल्ड इन ॲक्शन. परत सांग."

मी परत सांगितलं. नंबर सांगितला, नाव सांगितलं. आवाज नीट निघाला. फोन ठेवल्यावर मात्र पेन्सिल हातातून खाली ठेवता येईना.

निरोप द्यायला रिअर पार्टीचे कॅप्टनसाहेब स्वतः गंज पेठेत गेले. त्यांनी मला नेलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दुपारी दोनला ते परत आले आणि आम्ही बशीरच्या सामानाला बसलो. मृत जवानाचं सामान मोजून, यादी करून ट्रंकेत भरायचं, कुलूप लावायचं, वर लाखेचं सील ठोकायचं, असा नियम आहे. पुढे तीन ऑफिसरांचा बोर्ड बसतो आणि सामान घरच्यांना मिळतं. तोवर सीलला हात लावायचा नाही. नियम चांगला आहे, त्यामुळे कोणाच्या आईला आपल्या मुलाचं घड्याळ कमी मिळत नाही.

व्हायोलिनची पाळी आली. कॅप्टनसाहेब लिहिता लिहिता म्हणाले, "कंडिशन?"

इथे मी चूक केली. बँड स्टोअरमध्ये आमची पद्धत पक्की होती. वाद्य पूर्ण सुरात लावायचं, वाजवून दाखवायचं, मगच त्यापुढे "सर्व्हिसेबल" लिहायचं. तेरा वर्षं मी तेच करत आलो होतो. माझे हात आपोआप चालले. मी चारही तारा चढवल्या. थंडीनं आकसलेल्या खुंट्या सरकत होत्या, तर त्या खडू लावून घट्ट बसवल्या. एक सूर वाजवला. खोलीत बशीर आल्यासारखं वाटलं. कॅप्टनसाहेबांनी खाली बघितलं आणि लिहिलं, "सर्व्हिसेबल." मग त्यांना पेटीत खापर दिसलं.

"हे काय?"

"ओल राहावी म्हणून, सर."

"सीलबंद ट्रंकेत ओली वस्तू नको. बुरशी येईल."

खापर बाहेर निघालं. पेटी ट्रंकेत गेली, लाख तापली, ठसा उमटला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी जेवायला गेलो, पहिला घास तोंडात घातला आणि मला आठवलं. तारा चढलेल्या होत्या.

लढाई संपली, पण बोर्डाला लागणारे ऑफिसर सीमेवरून परतले नव्हते. जानेवारी आला. येरवड्याच्या बाजूनं नदीवर धुकं धरायचं आणि नऊपर्यंत सगळा कॅम्प दुधात बुडाल्यासारखा दिसायचा. मग एकदम ऊन पडायचं, आणि हवा इतकी कोरडी व्हायची की घोंगडी झटकली तर चटचट आवाज यायचा. मी रोज त्या ट्रंकेकडे बघायचो.

एका शुक्रवारी चाचा गेटवर आले. पांढरी टोपी, कोटाचं वरचं बटण लावलेलं. हातात फडक्यात गुंडाळलेलं नवं खापर.

"जुनं खापर आता पाणी धरत नसेल," ते म्हणाले. "हे घ्या."

"चाचा, आत या. चहा घ्या."

"नको. कामं पडलीत. ओलं करता ना दर शुक्रवारी?"

"करतो, चाचा."

"मला व्हायोलिन मिळायला किती दिवस लागायचे ते लागोत. तुमचे कायदे आहेत. पण लाकूड काही फौजेत भरती झालेलं नाही, त्याला हुकूम कळत नाही. तेवढं सांभाळा. त्याचा हात लागलेलं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

मी खापर घेतलं. ते वळून गेले. आयुष्यात मी थोडंफार खोटं बोललो असेन, पण त्या "करतो, चाचा"ची शरम वेगळीच होती.

त्यानंतरच्या बुधवारी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी मी स्टोअर उघडलं. आत गारठा होता. मी कंदील ठेवत होतो, तेवढ्यात ट्रंकेतून आवाज आला. "टक्." पुन्हा काही नाही. बोट मोडावं एवढाच आवाज.

साडेसातला मी कॅप्टनसाहेबांसमोर उभा राहिलो.

"सर, बशीरचं सील तोडायची परवानगी पाहिजे. व्हायोलिन फुटतंय."

"बोर्ड पुढच्या महिन्यात आहे."

"तोवर ते टिकणार नाही, सर."

"बोर्डाशिवाय सील तुटणार नाही. ऑर्डर समजली?"

"समजली, सर."

सॅल्यूट करून मी बाहेर पडलो, स्टोअरमध्ये गेलो आणि छिन्नीनं सील तोडलं. नोकरीतला तो माझा पहिला आणि शेवटचा हुकूमभंग. पेटी उघडली. वरची फळी कडेपासून सुटली होती, वीतभर. फटीतून आतला अंधार दिसत होता. मी पहिल्यांदा तारा उतरवल्या. मग परत साहेबांकडे गेलो.

"सर, सील तोडलं. वेळ सात पन्नास."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वयानं माझ्यापेक्षा लहान होते. चाचांच्या दारात उभे राहून आले होते, हेही खरं.

"चार्जशीट संध्याकाळी मिळेल," ते म्हणाले. "गेट पास आत्ता देतो. दुरुस्तीला पाठवलं असं लिहा."

पुढे माझ्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रकावर, लाल शाईची नोंद झाली. बढती दोन वर्षं मागे पडली. त्याचं वाईट वाटलं नाही.

मी पेटी पाठीला बांधून सायकलवर गंज पेठेत गेलो. घोटा दुखत होता. चाचांच्या दुकानात उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्यात लाकडाची धूळ तरंगत होती. भिंतीवर बिनतारांची वाद्यं टांगलेली. तिथे वेळ जरा थांबून चालत असावा. मी पेटी उघडली आणि सगळं सांगून टाकलं. तारा मी चढवल्या, खुंट्यांना खडू मी लावला, खापर गेला महिनाभर पेटीत नव्हतंच, आणि गेटवर मी खोटं बोललो.

चाचांनी व्हायोलिन पेटीतून उचललं. व्हायोलिन कानाशी धरून त्यांनी कडेकडेनं बोटाच्या पेरानं टकटक केली. पूर्ण फेरी घातली. मग पुन्हा एकदा.

"लाकूड शाबूत आहे," ते म्हणाले. "सांधा सुटलाय फक्त."

"फुटलं नाही?"

"फुटू नये म्हणूनच सुटलंय. वरच्या फळीला सरस मी मुद्दाम पातळ लावतो. लाकूड आकसलं, ताण आला, की सांध्यानं सोडून द्यावं. घट्ट धरून बसला तर फळी चिरते, मग काही इलाज नाही." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते पुढे म्हणाले, "डोळे पुसा, हवालदारसाहेब. सांध्यावर पाणी पडलं तर सरस धरत नाही."

त्यांनी सरसाचं भांडं तापायला ठेवलं. मला वाटलं, आता सांगायलाच हवं. सीमेवरून आलेलं बँड मास्टरांचं पत्र चार दिवस माझ्या खिशात होतं. बशीर स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला होता. वर मांडी फुटलेला एक जवान. तोफेचे गोळे जवळ पडायला लागले. मागचा ओरडला, "टाक आणि लेट!" मागच्यानं आपलं टोक सोडलं आणि तो आडवा झाला. बशीरनं टाकलं नाही. जखमीच्या डोक्याची बाजू त्याच्याकडे होती. तो गुडघे वाकवून ती सावकाश खाली ठेवत होता. पुढचा गोळा तेवढ्यात पडला.

मी वाचून दाखवलं. चाचांनी कुंचल्यानं सरस लावला, फळी जागेवर बसवली आणि म्हणाले, "इथे धरा. दाबू नका, नुसतं धरा." आम्ही दोघं चार हातांनी ते व्हायोलिन धरून बसलो.

मग फळीवरची नजर न हलवता ते बोलले. "लाकडाला मी सोडून द्यायला शिकवलं. पोराला उलटंच शिकवलं. रांगत होता तेव्हापासून एकच सांगत आलो, हातातली वस्तू आपटायची नाही, हळू ठेवायची."

सरस धरेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

मार्चमध्ये तो जखमी जवान पुण्यातल्या हॉस्पिटलात आला. साताऱ्याकडचा होता. एक पाय गेला होता. कुबड्यांवर उभा राहायला लागल्यावर मला म्हणाला, "त्यांच्या वडलांना भेटायचंय मला." मी त्याला टांग्यातून गंज पेठेत नेलं. चाचांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. तो रडायला लागला. चाचांनी त्याला रडू दिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्यानं खाली ठेवलं तेव्हा तुला दणका बसला का रे?"

"न्हाई, चाचा," तो म्हणाला. "पायाकडनं बसला. डोक्याकडनं जिमिनीला कवा टेकलो, कळलंसुदीक न्हाई."

चाचांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले.

नाईक बशीर, बँड, स्ट्रेचर बेअरर. तो सव्वीस वर्षांचा होता.