बसवून काढायची फिल्म

मी कंग्राळीचा. सैन्याच्या वैद्यकीय शाखेत एक्स-रे काढण्याचे काम केले आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय नाही. घडले तेवढेच सांगतो.

सीमेजवळच्या आमच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये एक डॉक्टर (आमचे कॅप्टन साहेब), एक पोर्टेबल एक्स-रे मशीन आणि एक सोनोग्राफी मशीन होते. रोज ०६०० वाजता मी दोन्ही मशीन तपासत असे. त्या दिवशी ०९४० वाजता रेडिओवर आवाज आला, "पोस्टवर मॉर्टर. तीन कॅज्युअल्टी. ओव्हर."

१०१५ वाजता तिघे जखमी आले. एकाचा जबडा उडाला होता. तो टेबलावरच गेला. दुसऱ्याचे पोट फाटले होते. कॅप्टन साहेबांचे दोन्ही हात त्यात होते. तिसरा निपाणीचा नाईक मारुती. मांडीचे हाड कातडी फोडून बाहेर आलेले, बरगडीवर एक बारीक भोक.

"याची चेस्ट फिल्म. बसवून," साहेब मान न वळवता म्हणाले.

कारण साधे आहे. फुफ्फुसाला भोक पडले की हवा छातीच्या पोकळीत साठते. माणूस उताणा असला, तर ती पुढच्या बाजूला पसरते आणि फिल्म फसवू शकते. बसवले की हवा वर चढते, स्पष्ट दिसते. हे मला पाठ होते.

मी मारुतीच्या पाठीखाली हात घातला. तो किंचाळला. मग हसण्याचा प्रयत्न केला.

"अण्णा, उठवू नकोस रं. कंग्राळीकरांस्नी माया न्हाय व्हय?"

"दम लागतोय?"

"न्हाय. पाय तेवढा बघ."

मी झोपवूनच फिल्म काढली. दोन्ही फुफ्फुसे स्वच्छ दिसली.

"क्लिअर?" साहेबांनी विचारले.

"क्लिअर, सर."

झोपवून काढली, हे मी बोललो नाही.

१०४० वाजता मारुतीच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ काळे पडले. साहेब धावले. सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवला. फुफ्फुस सरकत नव्हते. त्यांनी सुई खुपसली. कोंडलेली हवा जोराने बाहेर आली, पण हृदय थांबले होते. मी छाती दाबत राहिलो. माझ्या तळव्यांखाली त्याच्या बरगड्या मोडल्या. ११०५ वाजता साहेबांनी माझा हात धरला.

सुट्टीत निपाणीला गेलो. मारुतीचे वडील, आप्पा, यांनी विचारले, "शेवटाला काय म्हणाला रं?"

"उठवू नकोस, म्हणाला."

आप्पा डोळे पुसत हसले. "सकाळी हाक मारली की असंच म्हणायचा बघ. लई झोपाळू. तू निजू दिलंस, बरं केलंस."

मी चहा संपवला आणि निघालो.

आप्पा आता नाहीत. त्यांना सांगायचे राहिले ते येथे लिहितो. नाईक मारुतीला बसवण्याचा हुकूम होता. मी बसवले नाही.