घड्याळाचं मत

माझ्या मैत्रिणीच्या बाबांइतका विजयाचा शत्रू अख्ख्या दक्षिण गोलार्धात सापडणार नाही. पुण्याहून आलेला हा इंजिनिअर दिवसा आमच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या नव्या घरांची गटारं आखतो आणि संध्याकाळी बास्केटबॉल बघतो. पण शेवटचा, चौथा क्वार्टर कधीच नाही. तिसरा संपला की काका टीव्ही बंद करतात. स्टेडियममध्ये असले तर उठून गाडीत जाऊन बसतात, थर्मासमधला चहा ओततात आणि शेजारच्या मनुरेवावरून समुद्राकडे निघालेले ढग बघत राहतात. "निकाल म्हणजे काय गं, घड्याळाचं मत," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या जगात अजून कुणी हरलेलंच नाही; सगळे सामने चालूच आहेत, चेंडू हवेतच आहे. एकदा ओटाहुहूच्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने दूध देता देता "काय अंकल, काल दोन पॉइंटनी..." एवढंच म्हटलं, तर काका कानांवर हात ठेवून पळाले. दूध राहिलंच, पायातलं एक रबरी जॅन्डलही दारात राहिलं.

त्यांची मुलगी, माझी मैत्रीण सई, मात्र व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू. वर्षानुवर्षं हरणाऱ्या आमच्या इथल्या क्लबची ती तारका. शाळकरी मुली तिच्यासारखी वेणी घालतात. तरी टीव्हीवरचे तज्ज्ञ तिचं नाव निघालं की सुस्कारतात, "गुणी आहे, पण करंडक नाही." गणपतीच्या जेवणात काकू मंडळी "अजून नाही का जिंकलीस?" विचारतात, तो सूर मला "अजून नाही का ठरलं?" मुळे चांगला ओळखीचा आहे. सरळ सांगते, हा जुलूम आहे. माणसाने अर्धं आयुष्य लोकांना आनंद द्यायचा आणि शेवटी त्याच्या कपाटात काय आहे ते बघून त्याला पास-नापास करायचं! म्हणून तर मोठमोठे खेळाडू आपलं गाव, आपली माणसं सोडून जिंकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. आणि मग हेच लोक त्यांना पळपुटे म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात सईला ऑस्ट्रेलियातल्या अजिंक्य संघाचं बोलावणं आलं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "त्यांच्या तराजूत बसूच नकोस."

"तुला बोलायला काय जातंय? एव्हरी इंटरव्ह्यू, सेम क्वेश्चन. आय ॲम टायर्ड, यार." मग ती वळली. "बाबा, तुम्ही सांगा ना. राहू?"

काका पोह्यांवर खोबरं पेरत होते. पेरतच राहिले, पोहे दिसेनासे झाले. त्यांनी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"खेळायचं तुला आहे, बाळा," ते म्हणाले. "जा."

सई गेली आणि पहिल्याच मोसमात जिंकली. फोटो आला तेव्हा मी त्यांच्या ओट्यापाशीच होते. वरून रंगीत कागद स्वप्नातल्यासारखे तरंगत येत होते, खाली साऱ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात, आणि मधोमध सई, करंडक छातीशी घट्ट धरून.

"आता तरी तोंडं बंद होतील सगळ्यांची," मी म्हटलं.

काका करंडक बघतच नव्हते. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा. सईच्या खांद्यावर कुणाचाच हात नव्हता.

"नवीन आहे ना अजून," ते हळूच म्हणाले. "होईल ओळख."