खिडकीकडचं यकृत

आमच्या आयुर्वेद कॉलेजात शरीररचना टीव्ही शिकवायचा. माजलगावच्या अलीकडं, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात कॉलेज होतं. मास्तर टिकेनात, म्हणून संस्थापकांनी व्हीसीआर आणि कॅसेटी आणल्या. ते जिल्ह्यातले पुढारी. म्हणाले, "आता समदा बाजार खुला झालाय. मास्तर कशाला पायजे?"

नव्या मास्तरांचा सत्कार करायची रीत होती, म्हणून टीव्हीलाही शाल पांघरली, नारळ ठेवला. शालीनं मागची भोकं बुजली आणि पहिल्याच तासाला सर तापून बंद पडले. पुढं दुरुस्त झाले, पण शंका विचारायची सोय नव्हती. मला तर भारी राग यायचा.

कॅसेटीतला माणूस कायम आमच्याकडं तोंड करून उभा असे. आम्ही आपलं वर्गातल्या दिशांवरून पाठ केलं. यकृत खिडकीकडं, जठर दाराकडं.

मग मान्यतेच्या तपासणीला मुंबईहून साहेब येणार असं कळलं. मान्यता गेली तर कॉलेज बंद. चौसाळ्याला आमचं किराणा दुकान होतं आणि बाबांनी बजावलं होतं, शिक्षण थांबलं की लग्न. स्थळही तयार होतं. माझा जीव टांगणीला लागला.

साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "यकृत दाखवा. जिवंत माणसावर."

तेवढ्यात संस्थापक टोपी काढून टेबलावर आडवे झाले, डोकं आमच्याकडं, पाय टीव्हीकडं. "दाब ताई, घाबरू नको."

मी खिडकीकडची बाजू दाबली.

"हे यकृत?" साहेब म्हणाले.

"हो सर. खिडकीकडं असतं."

अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. संस्थापकांना वाटलं, चूक आपलीच. "आरं, मंग फिरवा की मला!" चौघांनी उचलून त्यांचं डोकं टीव्हीकडं, पाय आमच्याकडं केले. यकृत खिडकीकडं आलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझी बोटं धरून उजव्या बरगडीखाली ठेवली आणि संस्थापकांना श्वास घ्यायला सांगितलं. आत काहीतरी मऊ सरकलं, बोटांना टेकलं. माझ्या अंगावर काटा आला. वर्षभरात मी माणसाला पहिल्यांदा हात लावला होता.

"टीव्हीच्या शिकवण्यावर समाधानी आहात?" साहेबांनी विचारलं.

"होय!" वर्ग एका सुरात ओरडला. तशी तालीमच झाली होती.

"तुम्ही?"

लग्न डोळ्यांपुढं दिसत होतं. तरी तोंडून निघून गेलं, "आजच्या तासावर आहे, सर."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "मान्यता राहील. पण मास्तर नेमा. आणि मास्तर येईपर्यंत दर सोमवारी यांनी टेबलावर निजायचं."

"निजतो की," संस्थापक पडल्यापडल्याच म्हणाले.

मास्तर मिळता मिळता दिवाळी आली. तोवर पुढाऱ्यांचं पोट दाबत दाबत मी माझं लग्न एकेका सोमवारानं पुढं ढकललं.