सासूबाईंचा दुसरा फोटो

तपासणीला येणाऱ्या बायका तिला पाठीमागे इस्त्रीबाई म्हणत. स्तनांचा एक्स-रे काढणं हे तिचं काम, आणि यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये ती असं दाबायची की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणी कुरकुरलं की तिचं पाठांतर सुरू: सैल दाबलं की जाडी राहते, जाडी राहिली की यंत्र जास्त किरणं सोडतं, आणि एवढं करून फोटो धुरकट. तेलही गेलं, तूपही गेलं.

अशा बाईपुढे एके दिवशी तिच्या सासूबाईच येऊन उभ्या राहिल्या. पंधरा दिवस त्यांच्या हाताला छातीत गाठ लागत होती. मुलाला सांगितलं नाही, लेकीला नाही. सांगितलं ते सुनेला, तेही भाजी निवडताना, जणू भाजीत अळी निघाली. एरवी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

आता आली का पंचाईत! जोरात दाबावं तर म्हातारी गल्लीभर सांगणार, सुनेनं वीस वर्षांचा राग काढला. हळू दाबलं तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिनं हात आखडता घेतलाच. सासूबाई म्हणाल्या, बायका उगीच बोंबलतात, काही दुखत नाही. तिथेच ही शहाणी सावध व्हायला हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. गाठीच्या जागी नुसता ढग. "हा तू काढलास?" एवढंच त्यांनी विचारलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. म्हातारीला किरणं मिळाली, उत्तर मिळालं नाही.

तिनं बाहेर येऊन सासूबाईंना खरं ते सांगून टाकलं. तुम्हाला दुखेल म्हणून नाही, तुम्ही बोलाल म्हणून हळू दाबलं. आता फोटो पुन्हा, किरणंही पुन्हा. सासूबाई आपण होऊन यंत्रापाशी गेल्या.

"दाब. सगळ्यांना दाबतेस तसं."

तिनं दाबलं. सासूबाईंनी यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोटो मात्र लख्ख आला: गोल, स्वच्छ कडेची गाठ. लगेच सोनोग्राफी झाली. पाण्याची गाठ निघाली, निरुपद्रवी. ते ऐकून सून स्टुलावर बसली आणि रडू लागली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

सासूबाई बटणं लावत होत्या.

"माझ्या बोलण्याला एवढी घाबरलीस? अगं, मी गेले असते तर तुला बोललं कोण असतं?"